टेलिफोनवरून झडतीचे वॉरंट कसे घेतात: अमेरिकी पद्धत, पायरीपायरीने

सिअ‍ॅटलमधील एका हॉटेलच्या खोलीतून अफू जळल्याचा वास येत होता. पोलिसांनी दार ठोठावले, आत प्रवेश केला, खोलीतल्या बाईला अटक केली आणि झडती घेतली. वॉरंट मात्र त्यांच्याकडे नव्हते. १९४८ साली ‘जॉन्सन विरुद्ध अमेरिका’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही झडती अवैध ठरवली. वॉरंट का घेतले नाही याचे कारण म्हणून कागद तयार करण्याची गैरसोय आणि न्यायाधीशांपुढे जाण्यात होणारा थोडासा उशीर यांखेरीज काहीच पुढे आलेले नाही, अशी नोंद न्यायालयाने निकालात केली. ही गैरसोय आणि हा उशीर कमी करण्यासाठी पुढे टेलिफोनची वाट खुली झाली. कॅलिफोर्निया राज्याने १९७० साली कायदा करून तोंडी, ध्वनिमुद्रित जबाबावर वॉरंट देण्याची मुभा दिली. संघराज्याच्या न्यायालयांसाठी अमेरिकी काँग्रेसने १९७७ साली फौजदारी प्रक्रियेच्या नियम ४१ मध्ये तशी तरतूद केली, आणि डिसेंबर २०११ पासून ही सगळी पद्धत नियम ४.१ मध्ये एकत्र आणण्यात आली.

पुढील विवेचन मुख्यतः या नियम ४.१ ला धरून आहे. प्रत्येक राज्याचे स्वतःचे नियम आहेत आणि तपशिलात फरक पडतो, पण सांगाडा बहुतेक ठिकाणी सारखाच आहे. कायद्याचे विद्यार्थी, न्यायालयीन वार्तांकन करणारे पत्रकार आणि अमेरिकेत वास्तव्य असल्यामुळे ही पद्धत जाणून घेण्याची गरज असलेले वाचक डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे. लेखाचा मोठा भाग अर्जदार अधिकाऱ्याच्या बाजूने जातो आणि शेवटचा भाग ज्याच्या दारात वॉरंट येऊन उभे राहते त्याच्या बाजूने.

फोनमुळे काय बदलते आणि काय बदलत नाही

अमेरिकी राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीने वॉरंटसाठी तीन गोष्टी अनिवार्य केल्या आहेत: सबळ कारण, त्या कारणाला शपथेचा आधार, आणि झडतीची जागा व जप्त करायच्या वस्तू यांचे नेमके वर्णन. अधिकाऱ्याने न्यायाधीशांसमोर प्रत्यक्ष उभे राहिलेच पाहिजे, असे त्या दुरुस्तीत कुठेही म्हटलेले नाही. त्यामुळे फोनने वाचते ते फक्त अंतर. तपासाशी संबंध नसलेल्या तटस्थ न्यायाधीशाने स्वतः विचार करून निर्णय देणे, शपथ आणि नेमकेपणा या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा राहतात. उलट समोरासमोर बसून कागद वाचताना जी चूक सहज नजरेत भरते ती फोनवर कानाआड होऊ शकते, म्हणून नोंद ठेवण्याचे काम इथे अधिक काटेकोरपणे करावे लागते. ‘फोनवर वॉरंट’ म्हणजे ‘सोपे वॉरंट’ हा समज पोलिसांमध्ये असो वा नागरिकांमध्ये, तो मुळातच चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी: फोन करण्याआधी जागा सुरक्षित करा

वॉरंट येईपर्यंत पुरावा नाहीसा होण्याची भीती असते. त्यावरचा उपाय आधी आत शिरणे हा नव्हे. २००१ सालच्या ‘इलिनॉय विरुद्ध मॅकआर्थर’ या खटल्यात पोलिसांनी एका माणसाला त्याच्या राहत्या ट्रेलर-घरात एकट्याने जाऊ दिले नाही आणि दरम्यान एक अधिकारी वॉरंट आणायला गेला. सुमारे दोन तासांनी वॉरंट आले आणि मग झडती झाली. आत गांजा असल्याची खात्रीलायक माहिती पोलिसांकडे होती, अडवणूक थोड्या वेळापुरती होती आणि ती वॉरंट मिळेपर्यंतच होती, या आधारांवर सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची कृती योग्य ठरवली. फोनची सोय असेल तर हाच वेळ आणखी कमी होतो. म्हणून दारावर कोण थांबले आहे, किती वाजल्यापासून थांबले आहे आणि आत कोणी आहे का, एवढे लिहून ठेवावे आणि मगच पुढच्या कामाला लागावे.

जिवावर बेतलेला प्रसंग असेल, आतून मदतीची हाक ऐकू येत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे वॉरंटची वाट पाहण्याची अपेक्षा कायदाही करत नाही. परंतु ‘वेळच नव्हता’ हे कारण आता पूर्वीइतके सहज मान्य होत नाही. १९६६ साली ‘श्मर्बर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात अपघातानंतर मद्यपी चालकाच्या रक्ताचा नमुना वॉरंटशिवाय घेणे न्यायालयाने चालवून घेतले होते, कारण त्या परिस्थितीत न्यायाधीशांना शोधून वॉरंट मिळवायला वेळ उरला नव्हता. २०१३ सालच्या ‘मिसूरी विरुद्ध मॅकनीली’ या खटल्यात मात्र चित्र पालटले. पोलिसांनी ट्रक थांबवला तो रात्री साधारण २ वाजून ८ मिनिटांनी आणि रक्त काढले गेले २ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास; मधल्या काळात वॉरंट मागण्याचा प्रयत्नच झाला नाही. रक्तातले मद्याचे प्रमाण वेळेबरोबर उतरत जाते एवढ्या एकाच कारणावर प्रत्येक वेळी वॉरंट टाळता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले, आणि बहुसंख्य राज्यांत फोनवरून किंवा अन्य दूरस्थ मार्गाने वॉरंट मागता येते याकडे निकालात मुद्दाम लक्ष वेधले. कॅन्ससमधील एका काउंटीत न्यायाधीश आयपॅडवर आलेल्या अर्जावर सही करून १५ मिनिटांच्या आत तो परत पाठवतात, हे उदाहरणही त्याच खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी आपल्या स्वतंत्र मतात दिले आहे. त्यामुळे वॉरंट न घेण्याचे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला फोन का केला नाही याचेही उत्तर तयार ठेवावे लागते.

दुसरी पायरी: माहिती आधी कागदावर उतरवा

फोन उचलून मनात येईल तसे बोलत सुटणे ही या पद्धतीतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. अधिकाऱ्याने आपला जबाब आधी लिहून काढावा, मग तो हाताने लिहिलेला असला तरी चालेल. संघराज्याच्या न्यायालयांत यासाठी छापील नमुने आहेत: फोनवरून किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गाने करायच्या अर्जासाठी ‘एओ १०६ए’ आणि वॉरंटसाठी ‘एओ ९३सी’. त्या जबाबात कोणत्या गुन्ह्याचा तपास आहे, काय पाहिले, कोणी पाहिले, केव्हा पाहिले आणि त्यावरून हव्या असलेल्या वस्तू नेमक्या याच जागी मिळतील असे का वाटते, ही साखळी एकही कडी न वगळता यायला हवी.

‘केव्हा’ हा शब्द इथे हलका समजू नये. तीन आठवड्यांपूर्वी दिसलेली वस्तू आज तिथेच असेल का, हा प्रश्न न्यायाधीश विचारणारच. माहिती खबऱ्याकडून आली असेल तर ती त्याला कशी कळली आणि त्याची कोणती गोष्ट पोलिसांनी स्वतंत्रपणे पडताळून पाहिली, हेही सांगावे. १९८३ सालच्या ‘इलिनॉय विरुद्ध गेट्स’ या निकालापासून सगळी परिस्थिती एकत्रितपणे पाहून पुरावा सापडण्याची वाजवी शक्यता आहे का, हे तपासले जाते, आणि पडताळणी जितकी ठोस तितके खबऱ्याच्या शब्दाला वजन येते. तपासाच्या विरोधात जाणारी एखादी बाब माहीत असेल, तर तीही आपणहून सांगावी. जाणूनबुजून किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता शपथेवर खोटे विधान केलेले असेल आणि ते वगळल्यावर सबळ कारण उरत नसेल, तर वॉरंट रद्द होते, हे १९७८ सालच्या ‘फ्रँक्स विरुद्ध डेलावेअर’ या निकालाने पक्के केले आहे.

तिसरी पायरी: वॉरंटची प्रत स्वतः तयार करा

या पद्धतीचा कणा म्हणजे वॉरंटची ‘डुप्लिकेट ओरिजिनल’. अर्जदार अधिकाऱ्याने वॉरंटचा पूर्ण मसुदा आधीच तयार करायचा असतो, आणि न्यायाधीशांनी मंजुरी दिल्यावर तीच प्रत मुळाइतकी ग्राह्य ठरते. मसुद्यात दोन वेगळ्या जागा असतात: एक झडती घ्यायच्या ठिकाणासाठी आणि दुसरी जप्त करायच्या वस्तूंसाठी. दोन्हींत काय लिहायचे हे सांगण्याची गरज नाही असे वाटेल. पण २००४ सालच्या ‘ग्रोह विरुद्ध रामिरेझ’ या खटल्यात संघराज्याच्या एका अधिकाऱ्याने वस्तूंच्या जागी मोंटानामधल्या त्या निळ्या, दुमजली घराचेच वर्णन लिहिले होते. शस्त्रांची यादी सोबतच्या अर्जात नीट होती, पण वॉरंटमध्ये ती नव्हती आणि वॉरंटने त्या अर्जाचा आधारही घेतलेला नव्हता. न्यायाधीशांच्या सहीनंतरही सर्वोच्च न्यायालयाने ती झडती अवैध मानली. छापील नमुना समोर असताना, न्यायाधीशांनी तो डोळ्यांखालून घातलेला असताना हे घडले. फोनवर नुसता मजकूर ऐकून सही होणार असेल, तर हा धोका किती वाढतो याचा अंदाज यावरून यावा.

चौथी पायरी: फोन, ध्वनिमुद्रण आणि शपथ

फोन लागल्यावर अधिकाऱ्याने आपले नाव, हुद्दा, विभाग, तारीख आणि वेळ सांगावी. लेखी प्रतिज्ञापत्र आधीच इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवलेले असेल आणि फोनवर अधिकारी केवळ त्यातला मजकूर खरा असल्याची ग्वाही शपथेवर देणार असेल, तर काम सोपे आहे: न्यायाधीश त्या ग्वाहीची लेखी नोंद प्रतिज्ञापत्रावरच करतात. त्यापलीकडे एक वाक्य जरी जबाब म्हणून विचारात घेतले जाणार असेल, तरी त्याची शब्दशः नोंद झालीच पाहिजे, मग ती ध्वनिमुद्रण यंत्राने होवो, न्यायालयीन लघुलेखकाकडून होवो, नाही तर हाताने लिहून होवो.

क्रम असा ठेवावा: आधी ध्वनिमुद्रण सुरू, मग शपथ, मग जबाब. ‘थोडक्यात सांगतो, मग शपथ घेऊ’ असे म्हणत आधीच सगळे सांगून टाकले, तर ती माहिती शपथेवर दिलेली ठरत नाही, आणि शपथ हा तर चौथ्या दुरुस्तीचा थेट आदेश आहे. माहितीचा आधार दुसरी एखादी व्यक्ती असेल, उदाहरणार्थ प्रत्यक्ष पाळत ठेवणारा सहकारी, आणि तिचा जबाबही अर्जाचा भाग असेल, तर तिलाही फोनवर आणून स्वतंत्र शपथ द्यावी लागते. न्यायाधीश तिला प्रश्न विचारू शकतात.

ध्वनिमुद्रण यंत्र बंद पडले तर काय करावे, हे प्रत्येक अधिकाऱ्याने आधीच ठरवून ठेवावे. अशा वेळी तिथेच थांबायचे, न्यायाधीशांना सांगायचे आणि हाताने शब्दशः नोंद करण्याची व्यवस्था करायची. ‘नंतर आठवून लिहू’ ही वाट अजिबात धरू नये. दोन माणसांच्या स्मरणशक्तीवर उभे असलेले वॉरंट पहिल्याच उलटतपासणीत डळमळू लागते.

पाचवी पायरी: वॉरंट शब्दशः वाचून दाखवा

या पायरीला नियमाने दिलेले महत्त्व अनेकांच्या ध्यानात येत नाही. अधिकाऱ्याने आपल्याकडची प्रत न्यायाधीशांना जशीच्या तशी वाचून दाखवायची असते किंवा पाठवायची असते. मजकूर वाचून दाखवला, तर न्यायाधीश तो आपल्यासमोरच्या मूळ प्रतीत लिहून घेतात. ईमेलसारख्या विश्वसनीय इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवला, तर न्यायाधीशांना मिळालेली प्रतच मूळ म्हणून चालते.

समजा, भाड्याने दिलेल्या साठवणुकीच्या गाळ्यांची एक लांब रांग आहे आणि चोरीचा माल एका गाळ्यात आहे. अधिकारी रात्री गाडीच्या दिव्याखाली कागद धरून वाचतो, “गाळा क्रमांक डी-१४.” पलीकडे न्यायाधीश लिहितात, “बी-१४.” दोघांनाही चूक कळत नाही. अधिकाऱ्याच्या हातात डी-१४ चा कागद, न्यायालयाच्या फाइलमध्ये बी-१४ चा, आणि झडती झाली डी-१४ ची. पुढे या दोन कागदांमधला एका अक्षराचा फरक आरोपीचा वकील न्यायालयापुढे ठेवील, तेव्हा अधिकाऱ्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नसेल. म्हणून प्रत्येक क्रमांक आणि अक्षर शब्दाच्या आधाराने उच्चारावे, “डी, डेव्हिडमधला डी, आणि आकडा एक-चार” असे. मग न्यायाधीशांनी लिहिलेला मजकूर त्यांना परत वाचून दाखवण्याची विनंती करावी आणि आपल्या कागदावर बोट ठेवून तो शब्दागणिक ताडून पाहावा. या ताळ्याला चार-पाच मिनिटे लागतात, आणि संपूर्ण प्रक्रियेत इतक्या मोलाची मिनिटे दुसरी नाहीत.

शक्य तिथे मजकूर ईमेलने पाठवून फोनवर फक्त शपथ घ्यावी, असाच माझा सल्ला राहील. कानाने ऐकलेल्यापेक्षा डोळ्यांनी वाचलेले न्यायाधीशांना नीट तपासता येते, आणि त्यांनी नीट तपासावे यासाठीच तर वॉरंटचा हा सगळा खटाटोप आहे.

सहावी पायरी: बदल, सही आणि वेळ

न्यायाधीश मसुदा जसाच्या तसा मान्य करतीलच असे नाही. वस्तूंची यादी फार सैल असेल तर ते ती आवळतात, रात्रीच्या झडतीची मागणी नाकारतात, एखादी खोली वगळतात. बदल झाला, तर ते बदललेली प्रत इलेक्ट्रॉनिक मार्गाने परत पाठवतात, नाही तर बदललेली मूळ प्रत दप्तरी ठेवून अधिकाऱ्याला आपल्या प्रतीत तोच बदल करायला सांगतात. हा बदल अधिकाऱ्याने फोन चालू असतानाच करावा आणि वाचून दाखवावा.

नंतर न्यायाधीश मूळ कागदांवर सही करतात आणि वॉरंटवर ते दिल्याची तारीख आणि वेळ घालतात. मग सही केलेली प्रत ते अधिकाऱ्याला पाठवतात, किंवा त्याच्याकडच्या प्रतीवर न्यायाधीशांचे नाव लिहून तारीख आणि वेळ नोंदवण्याचा आदेश त्याला देतात. पोलिसाने न्यायाधीशाची सही करायची, हे ऐकून वाचक दचकेल, आणि ते दचकणे रास्त आहे. हा अधिकार केवळ त्या आदेशापुरता असतो, आणि तो आदेश ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येणे अधिकाऱ्याच्याच हिताचे आहे. मंजुरीची वेळ अंदाजाने लिहू नये. घड्याळ पाहून मिनिटापर्यंत लिहावी.

सातवी पायरी: झडती आणि परतीचा अहवाल

इथून पुढे फोनवरचे वॉरंट आणि नेहमीचे वॉरंट यांत फरक राहत नाही. संघराज्याच्या नियमानुसार झडती वॉरंटमध्ये ठरवून दिलेल्या मुदतीत व्हावी लागते आणि ती मुदत १४ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. झडती दिवसा, म्हणजे सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत घ्यायची. अन्य वेळेसाठी न्यायाधीशांची सकारण, स्पष्ट परवानगी लागते. कॅलिफोर्नियात दिवसाची व्याख्या सकाळी ७ ते रात्री १० अशी आहे आणि मुदत १० दिवसांची. फोनवरची वॉरंटे बहुधा रात्री-अपरात्री मागितली जातात, त्यामुळे वेळेच्या या परवानगीची मागणी अर्जातच करायला विसरू नये.

झडतीनंतर वॉरंटवर अंमलबजावणीची नेमकी तारीख आणि वेळ नोंदवायची, जप्त मुद्देमालाची यादी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या आणि शक्य असल्यास ज्याच्याकडून माल घेतला त्याच्या उपस्थितीत करायची, आणि त्याला वॉरंटची प्रत व पावती द्यायची. घरात कोणी नसेल तर दोन्ही तिथे ठेवून यायचे. त्यानंतर वॉरंट आणि यादी वेळ न दवडता न्यायाधीशांकडे परत जाते. ध्वनिमुद्रणाचे लेखी रूप तयार होऊन, ते अचूक असल्याचे प्रमाणित होऊन दप्तरी दाखल झाले पाहिजे, आणि हे करवून घेणे नियमाने न्यायाधीशांवर सोपवले आहे.

वॉरंट तुमच्या दारात आले तर

दार अडवू नये आणि हुज्जत घालू नये. हरकतीची जागा न्यायालय आहे. प्रत मागून घ्यावी आणि पत्ता, वस्तूंची यादी, न्यायाधीशांचे नाव, वॉरंट दिल्याची वेळ आणि अंमलबजावणीची मुदत पाहावी. सही न्यायाधीशांच्या हातची दिसत नाही, एवढ्यावरून वॉरंट खोटे ठरत नाही, कारण वर सांगितल्याप्रमाणे अधिकाऱ्याने आदेशावरून त्यांचे नाव लिहिलेले असू शकते. अधिकारी किती वाजता आत आले आणि कुठे कुठे गेले, हे शांतपणे लिहून ठेवावे. झडतीला संमती विचारली, तर आपली संमती नाही असे सौम्य शब्दांत सांगता येते; वॉरंट असेल तर त्यामुळे झडती थांबत नाही, पण वॉरंटच्या हद्दीपलीकडे काही झाले, तर तुम्ही होकार दिला होता असे म्हणायला जागा उरत नाही.

एक अपेक्षा मात्र बाळगू नये. वॉरंट फोनवरून मागण्याची गरज नव्हती, न्यायालय तर जवळच होते, एवढ्या कारणावर पुरावा वगळला जात नाही. अधिकाऱ्याचा दुष्ट हेतू सिद्ध झाल्याशिवाय ही हरकत टिकत नाही, असे नियम ४.१ मध्येच म्हटले आहे. शिवाय १९८४ सालच्या ‘अमेरिका विरुद्ध लिऑन’ या निकालानुसार, अधिकाऱ्याने वॉरंटवर प्रामाणिकपणे आणि वाजवीपणे विसंबून काम केले असेल, तर वॉरंटमधली त्रुटी नंतर उघड झाली तरी पुरावा सहसा टिकतो. म्हणून वकिलाने मार्ग कोणता वापरला यावर शक्ती खर्च करू नये. त्याने न्यायालयाकडून मूळ वॉरंट, ध्वनिमुद्रण आणि त्याचे प्रमाणित लेखी रूप मागवावे, अशिलाला दिलेली प्रत मूळ प्रतीशेजारी ठेवून दोन्ही शब्दागणिक ताडाव्यात, शपथ जबाबाच्या आधी झाली का ते ऐकावे, आणि वॉरंट दिल्याची वेळ अशिलाने लिहून ठेवलेल्या, अधिकारी आत शिरल्याच्या वेळेशी जुळवून पाहावी. न्यायाधीशांच्या सहीची वेळ रात्री ११ वाजून ४० मिनिटे असेल आणि अधिकारी ११ वाजून २५ मिनिटांनीच आत शिरले असतील, तर ती १५ मिनिटांची झडती वॉरंटशिवाय झालेली आहे, आणि तिचे समर्थन दुसऱ्या कुठल्या आधारावर करायचे ते सरकारी वकिलाला न्यायालयापुढे सांगावे लागेल.